डेटाबेसनं पाळलेलं व्रत

"जैन संघाच्या वधू-वर मेळाव्याचा डेटाबेस आता शंभर वर्षं कुरकुरणार नाही!" नवी डिस्क बसवून पारसनं जाहीर केलं. मोहनबाईंचा लेकाच्या शब्दावर सूर्योदयाइतका विश्वास!

२००२ साल. जुन्नरच्या त्यांच्या दुकानामागच्या खोलीत उपवर मुलामुलींची नोंदणी चालू होती. फोटोंनी जुनी डिस्क तुडुंब भरली, म्हणून पारसनं सगळा डेटा नव्या डिस्कवर नेला होता.

"आई, डेटाबेसची फाइल किती वाढू द्यायची, असं मशीन विचारतंय. अमर्याद ठेवू?"

मोहनबाई दचकल्या. चातुर्मास चालू, घरात परिग्रह-परिमाणाचं, म्हणजे सगळं मोजकंच वापरायचं व्रत. त्यांना मोजक्या साड्या, त्यांचे यजमान नथमलशेठ यांना दिवसाला दोनच चहा. "अमर्याद? आपल्या घरात? छे रे बाबा! थोडक्यात भागवायला शिकव त्याला."

आईचा मान राखून पारसनं एक बेताचा आकडा टाकला आणि विसरून गेला.

नोंदवलेल्या मुलामुलींची पुस्तिका छापायला जायचा दिवस उजाडला. 'घरचं नाव शेवटी' म्हणून पारसची स्वतःची नोंद तेवढी राहिली होती. त्यानं ऐटीत बटण दाबलं. जागा नाही!

"साऱ्या तालुक्यातल्या पोरांना जागा, आणि माझ्याच पोराला नाही?" मोहनबाईंचा आवाज जन्मात पहिल्यांदा शेजारच्या दुकानापर्यंत गेला. सुनेच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली बाई ती!

पारसनं गाणी उडवली. जागा नाही! गेम उडवले. जागा नाही! नथमलशेठ मोटारसायकलवरून नारायणगावला जाऊन घामाघूम होत आणखी एक डिस्क घेऊन आले. ती बसवली. जागा नाहीच!

"हे मशीन आहे का दिवाळीतली एसटी, राव?" नथमलशेठ गरजले. "चहा टाक गं!"

"अहो, दोन झालेत."

एवढ्यात पारसनं कपाळावर हात मारला. "आई, डिस्क रिकामीच आहे गं! फाइलला मर्यादा आपणच घातली होती. ती भरली, म्हणून बिचारी पुढं सरकत नाही."

"घरात नीट व्रत पाळणारं एक तरी निघालं," नथमलशेठ पुटपुटले.

"वाढवू का, आई? दोन मिनिटांचं काम."

मोहनबाईंनी डोळे मिटले. एकीकडे व्रत, एकीकडे सून! "एका नोंदीपुरतीच वाढव. प्रायश्चित्त म्हणून उद्या माझा उपवास."

पारसचं नाव आत गेलं. मोहनबाईंनी हात जोडले, तोच दारात एक मुलगी चपला काढून उभी.

"काकू, मी रिद्धी. घोडेगावहून आले. एसटीनं उशीर केला हो. माझं नाव घ्याल?"

बोलणं मऊ, हातात चातुर्मासाच्या नेमाप्रमाणे घरून आणलेल्या उकळलेल्या पाण्याची बाटली! मोहनबाई विरघळल्याच.

"पारस, ती मर्यादा काढूनच टाक!"

"म्हणजे अमर्याद?"

"संघाचं काम आहे. त्यात हात आखडता घेऊ नये, बाळा!"

नथमलशेठना धीर आला. "मग माझा तिसरा चहा?"

मोहनबाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला मेळाव्यात नाव द्यायचंय का?"

नथमलशेठनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.