दुपट्ट्याखालचे गुण

विद्यार्थ्याला किती आले हे शोधून काढणे, हे त्याला शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे. म्हणूनच ते शिकवणे आटोपल्यावर, सगळे दमलेले असताना केले जाते. विद्यार्थ्याला विचारावे तर तो पक्षपाती. शिकवणाऱ्याला विचारावे तर तो त्याहून पक्षपाती. (परीक्षा नावाचा एक मार्ग आहे. परंतु त्यातून विद्यार्थ्याला काय येत नाही एवढेच कळते, आणि ते सर्वांना आधीपासून ठाऊक असते.)

१९४४ साली वाशीमला नव्याने निघालेल्या कॉलेजापुढे हा प्रश्न फार गंभीर स्वरूपात उभा राहिला. गणिताचे प्राध्यापक एकतर शंभर गुण देत, नाहीतर शून्य. मधले आकडे त्यांना दुबळ्या मनाचे लक्षण वाटत. संस्कृतचे शास्त्रीबुवा चाळीसच्या वर जात नसत, कारण खुद्द त्यांच्या गुरुजींना बेचाळीस मिळाले होते. इतिहासात उत्तरपत्रिका हातावर तोलून पाहण्याची पद्धत होती. रसायनात शंभरातून फुटलेल्या काचा वजा होत. इंग्रजीत सर्वांना तेहतीस मिळत, आणि ते निव्वळ सौजन्यापोटी. अशा स्थितीत रसायनाचा पन्नासवाला हुशार की संस्कृतचा अडतीसवाला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. युनिव्हर्सिटीला तर मुळीच आले नाही, म्हणून तिने कळवले की सर्व विषयांना एकच माप लावा.

कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव हे मोठे बागाईतदार. शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच तुटला होता, पण गुरांच्या बाजारात त्यांचा शब्द अखेरचा समजला जाई. त्यांनी बैठकीत तोड काढली.

"एकच माप पाह्यजे ना? मंग त्यात काय हाय? बाजारात गोऱ्हा येते, म्हैस येते, घोडं येते. तिघाइले एकच दुपट्टा पुरते."

गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा आपापले हात एका दुपट्ट्याखाली घालतात, एकमेकांची बोटे दाबतात, आणि तिसरा माणूस, म्हणजे दलाल, सौदा तुटू देत नाही. आरडाओरडा नाही, कागद नाही, आणि कोणी किती मागितले हे चारचौघांत कळत नाही. विद्येच्या क्षेत्रात या तिन्ही गोष्टींची किती निकड होती हे सुज्ञांस सांगणे न लगे. ठराव एकमताने झाला. एक बोट म्हणजे दहा गुण. दलालाचे काम प्राचार्यांकडे. विद्यार्थ्याने समोर उभे राहावे, सांगितल्यास एकदा चालून दाखवावे, पण बोलू नये. बोलण्याने मत कलुषित होते. (दात पाहण्याचे कलम थोड्याशा चर्चेनंतर गाळण्यात आले.)

पहिल्या दिवशी मात्र घोटाळा झाला. दुपट्ट्याखाली दोन्ही हात परक्या विषयांच्या प्राध्यापकांचे होते, म्हणजे दोन्ही घेणाऱ्यांचे. एकाने चार बोटे दाबली की दुसरा तीन दाबी, की पहिला दोन. दुपारपर्यंत सगळे कॉलेज दहा गुणांवर येऊन ठेपले. भगवंतरावांनी कपाळावर हात मारला. विकणारा कुठाय? तेव्हा दुरुस्ती झाली, की ज्याने शिकवले त्याने विकणाऱ्याच्या बाजूने बसावे. दुसऱ्या दिवशी गणितवाले नव्वदपासून सुरू झाले आणि सत्तरावर पटले, इतिहासवाले शंभरापासून. वर्षभरात विद्यार्थ्यांना जेवढे आले नव्हते तेवढे एका सकाळीत आले, आणि विद्येचा प्रसार शेकडा दहावरून शेकडा सत्तरांवर गेला.

चिंतेत पडले ते एकटे तर्कशास्त्राचे उत्तमराव. त्यांना घासाघीस येत नसे. वांग्यांचा भाव जो सांगितला जाई तो ते देत आणि वर बाईला नमस्कार करीत. असत्य विधानातून सत्य निष्कर्ष काढू नये असे ते वर्गात शिकवत आणि दुर्दैवाने घरीही तसेच वागत.

त्यांच्या वर्गातली अंजना ही आसेगावच्या नथ्थू माळ्याची मुलगी, वाशीमला मावशीकडे राहून शिकणारी. उत्तमरावांच्या मते ती सत्तराची होती. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तिचा सौदा शास्त्रीबुवांशी व्हायचा होता. आदल्या दिवशी नथ्थू शेलूबाजारचा बाजार करून उत्तमरावांच्या दारात आला. टोपली खाली ठेवून तो म्हणाला, "मास्तर, मले तुमच्या शास्त्रातलं काई समजत नाई. साठ भेटले त पोरगी नागपूरले धाडतो, शिकू दे. नाई त केनवडचे पाहुणे वाट पाहून राह्यले. मी शब्द देऊन बसलो."

अंजना त्याच्या मागे उभी होती. ती खाली पाहून एवढेच म्हणाली, "सर, मले नागपूरले जायचं हाय."

ती दोघे गेल्यावर उत्तमरावांनी बायकोला, रुख्मिणीला, सगळे सांगितले.

"सत्तर म्हणान, त थे शास्त्रीबुवा चाळीसवर आणतीन," रुख्मिणी भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुमाले मी येवढ्या वर्षांत सांगून राह्यली, पयला भाव खरा सांगत नसते."

"पण सत्तर हेच सत्य आहे."

"मंग सत्याले घेऊन केनवडच्या लग्नात जेवाले जा."

सौद्याच्या दिवशी प्राचार्यांनी दुपट्टा पसरला. अंजना समोर उभी राहिली. तिला चालून दाखवायला सांगितले, ती चालली. उत्तमरावांनी हात आत घातला. सात बोटे दाबायची हे पाठ केलेले होते, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आयुष्यभराचे शास्त्र कुठल्या कुठे गेले. त्यांनी शास्त्रीबुवांचा पंजा धरला आणि दोनदा दाबला. दहा बोटे. शंभर.

शास्त्रीबुवा दचकले. दुसरा कोणी असता तर त्यांनी निम्म्याने उतरवले असते. पण हा उत्तमराव. भाजीवालीशी भाव न करणारा, साऱ्या वाशीमला ठाऊक असलेला खरा माणूस. हा पहिल्याच दाबात शंभर म्हणतो, म्हणजे शंभरच असणार. त्यांचे डोळे भरून आले. आपल्या गुरुजींचे बेचाळीस बाजूला ठेवून त्यांनी पंजा दोनदा उलट दाबला. दलालाला काही कामच उरले नाही.

संध्याकाळी नथ्थूने पेढे वाटले. नागपूरचे ठरले, केनवडला निरोप गेला. उत्तमराव खोटे बोलल्याच्या लाजेने अर्धमेले आणि आनंदाने अर्धमेले, असे घरी आले.

"शंभर?" रुख्मिणी म्हणाली. "येवढं येते का हो त्या पोरीले?"

उत्तमराव हो म्हणायला गेले आणि थांबले. वर्षभर ते बोलले होते. अंजना पहिल्या बाकावर बसून मान हलवत होती, आणि ती मान त्यांना फार आवडे. पण तिला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. शास्त्रीबुवांनी नाही, प्राचार्यांनी नाही, बापाने नाही. तिला तर्कशास्त्र येत असेल, नसेलही. वाशीमात कोणाला ठाऊक नाही.

वाचकहो, त्या साऱ्यांना तुम्ही मघापासून हसत आहात. पण ती सत्तराची आहे असे आम्ही वर लिहिले, तेव्हा दुपट्ट्याखाली तुमचाही हात होता, आणि तुम्ही एका बोटाचीही घासाघीस केली नाही.