ऐकवण्याचा रक्तदाब

माणसाचं शरीर ही अत्यंत शिस्तबद्ध व्यवस्था आहे. आणि शिस्तबद्ध व्यवस्थेत खरी बातमी वर पोहोचेपर्यंत सभ्य झालेली असते.

बाबांच्या शेवटच्या साध्या दिवशी, मंगळवारी, सगळं सुरळीत चाललं होतं. सकाळी साडेआठला मुलीने त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळून यंत्र सुरू केलं. आईने त्यांचा चष्मा पुसायला उचलला. (चष्मा रोज साडेआठलाच मळत असे.)

"किती गं?"

"एकशे अडतीस."

"बघा! आणि म्हणे मी तापट."

"मी कुठे म्हणते? शेजारी म्हणतात," आई काचेवर फुंकर मारत म्हणाली.

मुलीने वहीत एकशे अडतीस लिहिलं. यंत्रात दुसराच आकडा होता. तो तिने बटण दाबून पुसला.

बाबा एकतीस वर्षं बॉयलर तपासत होते. काटा आणि कागद यांत एका रेघेचा फरक दिसला, तर त्यांनी अख्खे कारखाने थंड पाडलेले. अशा माणसाला खोटा आकडा सांगणं हे पाप. पण कुटुंबाकडे शास्त्रीय आधार होता. तीन वर्षांपूर्वी बाबांना खरा आकडा सांगितला, तेव्हा पाच मिनिटांत तो बाराने वाढला. वाढल्याचं सांगितलं, तर आणखी नवाने. आजार कानातून शिरतो हे यावरून सिद्ध झालं. तेव्हापासून घरात दोन रक्तदाब होते : मोजण्याचा आणि ऐकवण्याचा. वहीत ऐकवण्याचा जाई, कारण वही बाबांच्या हाती लागू शकत होती. हा नियम तीन जणांच्या घरात दोन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. (तिसरे गृहस्थ मतदानाच्या वेळी आंघोळीला गेले होते.)

दवाखान्यात मात्र आकडा चढाच येई. डॉक्टर हसत. "मला बघून वाढतो. बऱ्याच जणांचं होतं असं. घरचं बघा की, किती छान!" मग ते वही चाळत. चौथ्या महिन्यात वहीतल्या उत्तम प्रगतीवर खूश होऊन त्यांनी गोळी अर्धी केली. ती संध्याकाळ घरात आनंदात गेली. मुलगी सोडून सगळ्यांना झोप लागली.

एकदा तिने विचारलं होतं, "पण दाब एवढा वाढला, तर मेंदूला कळत नाही का?"

डॉक्टरांनी पेनाने स्वतःची मान दाखवली. "इथे रक्तवाहिनीत पहारेकरी असतात. रक्तवाहिनी ताणली की ते मेंदूच्या तळमजल्यावर निरोप धाडतात. तिथून दोन तारा निघतात. एक म्हणते 'पळा', दुसरी म्हणते 'जाऊ द्या हो'. दाब वाढला की मेंदू दुसरी ओढतो. हृदय सावकाश चालतं, नसा सैल पडतात."

"मग अडतं कुठे?"

"पहारेकऱ्यांना सवय होते. दाब वर्षानुवर्षं चढाच राहिला, की ते त्यालाच नेहमीचा समजतात आणि 'सगळं ठीक' कळवतात. मेंदू बिचारा विश्वासाने चालतो."

"बिचारा," मुलगी म्हणाली. हा विषय तिने पुन्हा काढला नाही.

बुधवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे मोजणीच्या अर्धा तास आधी, बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले आणि उठले नाहीत. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. या वेळची बातमी मेंदूला थेट मिळाली. मधे कुणाची सही लागली नाही.

भेटायला सत्तेचाळीस माणसं आली. एकेचाळीस जणांनी "सावरलीस ना?" असं विचारलं आणि तिच्या "हो"वर समाधान मानून चहा घेतला. उरलेल्या सहा जणांनी फक्त चहा घेतला.

तीन आठवड्यांनी ती उरलेल्या अर्ध्या गोळ्या परत करायला दवाखान्यात गेली. डॉक्टर उभे राहिले.

"वही आणलीय का?"

तिने दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. "मला कळतच नाही हो. इतकी नीटनेटकी वही माझ्या एकाही पेशंटची नव्हती. तुमची हरकत नसेल तर बाहेर ठेवतो. लोकांना कळू दे, घरच्यांनी काळजी कशी घ्यावी."

यावर करण्यासारखं पुष्कळ होतं. मान हलवता आली असती. डोळे पुसता आले असते. घरी जाता आलं असतं, आणि वही वर्षानुवर्षं लोकांना वळण लावत बसली असती.

"ती खोटी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आकडे मी मनाचे लिहायचे. त्या मंगळवारी एकशे अठ्ठ्याण्णव होता. मी बघितला, आणि पुसला. बाबांनी मला विचारलं होतं, डॉक्टर. त्यांनी 'किती' म्हणून विचारलं होतं."

हे ती जरा मोठ्याने बोलली. इतकी वर्षं त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, त्यामुळे आवाजाचा अंदाज चुकला.

दार उघडंच होतं. बाहेर बाकांवर नऊ आजारी माणसं आणि त्यांना घेऊन आलेले नऊ नातेवाईक बसले होते. आजारी माणसांनी माना वर केल्या. नातेवाइकांनी मांडीवरच्या वह्या मिटल्या, अगदी हळू, पान वाजू न देता.

(आपण तिथे नव्हतात. आपल्या घरी सगळं ठीकच आहे.)