बाबांचा नसलेला पट्टा

दुःखाच्या बाबतीत माझा हात धरणारा या शहरात कुणी नाही! उगाच फुशारकी मारत नाही. मी विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या खात्यात आहे. घराला लागलेल्या आगीपासून इस्त्रीने जळलेल्या सदऱ्यापर्यंत लोकांची सगळी दुःखं माझ्याच टेबलावरून जातात. त्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती, हे मी वासावरून सांगतो.

त्यामुळे सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी कवितावाचन असतं असं कळल्यावर मी तडक तिथे गेलो. एक माईक, सतरंज्या, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखत असल्यासारखा भाव. संयोजक दातांचे डॉक्टरच होते, हा भाग वेगळा. दिवसभर लोकांच्या वेदना बधिर करायच्या आणि शनिवारी त्याच उपटून काढायच्या, असा त्यांचा दुहेरी व्यवसाय!

"इथे नियम तीनच," डॉक्टर म्हणाले. "टाळ्या नाहीत, चुटक्या वाजवायच्या. माईकवरच्या माणसाला मध्ये तोडायचं नाही. आणि जे सांगाल ते स्वतः भोगलेलं हवं."

मी तेव्हा बायकोवर कविता वाचली. सुखाची होती. एकही चुटकी वाजली नाही. एकाने तर जांभई दिली, आणि तीही मला दिसेल अशी! माझ्यानंतरच्या माणसाने 'मला कुणी समजून घेतलं नाही' एवढं एकच वाक्य सात वेळा म्हटलं आणि खोलीत हुंदके फुटले.

वार्षिक कार्यक्रम नगर सभागृहात व्हायचा होता. मोठा मंच, दिवे, फलकावर फोटो. एकच जागा उरली होती आणि ती मला हवीच होती. ऑफिसात मी तसं सांगूनही बसलो होतो!

आता अडचण अशी, की माझ्या आयुष्यात दुःखाचा पत्ताच नाही. बालपण सुखात, नोकरी वेळेवर, बायको माझ्यापेक्षा हुशार. शेवटी मी धंद्यातलं कसब वापरलं. नुकसान झालेलं नसेल तर दाखवायचं! आणि मी बाबांना निवडलं.

माझे बाबा शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाले तरी आवाज अजून मैदानावरच आहे.

पुढच्या शनिवारी मी माईक धरला, डोळे मिटले.

"बाबा, तुमच्या पट्ट्याचं बक्कल
अजून उमटतं माझ्या पाठीवर.
उपाशी झोपलो मी दाराबाहेर,
कुत्र्याच्या कुशीत,
आणि कुत्रा म्हणाला, बाळ, तू माझा."

काय चुटक्या वाजल्या महाराजा! पुढच्या रांगेतल्या चष्मेवालीने चष्मा काढून डोळे पुसले. डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला. जागा खिशात आलीच होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कुठला पट्टा रे?"

मी डोळे उघडले. दाराशी बाबा! शेजारी बायको. मुलाचं कौतुक बघायला ती सासऱ्यांना मला न सांगता घेऊन आली होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याची भरपाई कुठल्याही विम्यात बसत नाही.

मी पुटपुटलो, "बाबा, घरी बोलू."

"काका, मंच सगळ्यांना खुला आहे," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "या, मोकळे व्हा."

बाबा आले. माईक बाजूला सारला. त्यांना तो कधी लागलाच नाही. जिना चढून धाप लागली होती, म्हणून नुसते उभे राहिले. खोलीला वाटलं, हा विराम आहे. चुटक्या सुरू!

"मला चुटक्या वाजवता?" बाबा गरजले. चुटक्या दुप्पट झाल्या.

"पट्टा? अरे, मी जन्मात पट्टा लावला नाही! नाडीची पँट घालायचो मी!"

"वा!" कुणीतरी कण्हलं.

"आठवीपर्यंत याच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या. आणि कुत्रा? कुत्रा दिसला की हा माझ्या खांद्यावर चढायचा. दहावीत असताना! माझा खांदा अजून दुखतो!"

मी उठलो. "बाबा, पुरे..."

"शूऽऽ! तोडू नका त्यांना!" चष्मेवाली माझ्यावर खेकसली.

बाबांचा आवाज एकदम खाली आला. "शाळेत सगळी पोरं मला टरकून असायची. पण याच्यावर मी कधी हात उचलला नाही. याची आई म्हणायची, एक तरी लगावा. नाही लगावली."

पुन्हा धाप.

"चुकलंच माझं."

खोली कोसळली! चष्मेवाली ओक्साबोक्शी रडत होती आणि मधून मधून माझ्याकडे असं बघत होती, जणू मीच कुणाला पट्ट्याने मारलंय. डॉक्टर नियम विसरून टाळ्या वाजवत होते. जागा बाबांना मिळाली. मला खरोखर रडू आलं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"नुकसान मंजूर झालं ना?" जिना उतरताना बायकोने विचारलं.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना वर न बघता म्हणाले, "'चुकलंच'च्या आधी किती थांबू रे?"

मी डॉक्टरांकडे धावलो. "सर, आता माझ्याकडे अस्सल दुःख आहे! सख्ख्या बापाने जागा पळवली!"

"विषय चांगला आहे," डॉक्टर म्हणाले, "पण बाप-मुलाचं आता काकांकडे आहे. तुम्ही असं करा, कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसा. काका बोट दाखवतात तिथे कुणीतरी हवं. जरा मान खाली घालून."

सध्या घरी मान खाली घालायची तालीम चालू आहे. बाबा शिट्टी घेऊन समोर उभे असतात. म्हणतात, अजून मनापासून वाटत नाही!