सगळ्या टाक्यांची एकच वायर

वायर वाचवण्याच्या कामात अख्ख्या वसईत माझा हात धरणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही.

नोकरीची सगळी वर्षं मी एका मोठ्या रसायन कारखान्यात उपकरणं सांभाळली. टाकीत किती माल आहे, तो किती तापलाय, हे सांगणारी उपकरणं. निवृत्त झालो आणि हाताला काम उरलं नाही. म्हणून घरातले सगळे प्लग एकाच बोर्डावर आणले. वायर पुष्कळ वाचली. फक्त त्यानंतर मिक्सर लावला की फ्रीज बंद पडायचा आणि फ्रीज चालू केला की देवघरातली माळ विझायची. आमच्या सौभाग्यवती शांताबाईंनी एक दिवस थंड आवाजात सांगितलं, "तुमची हुशारी बाहेर कुणाला हवी असेल तर बघा."

बाहेर ती हरेशला हवी होती.

हरेश म्हणजे रामनाथ अण्णांचा मुलगा. अण्णांची खाडीकाठी भातशेती होती. हरेशने वालीवला थिनर बनवायचा कारखाना टाकला. रंगात मिसळतात ते थिनर. त्याला पेटायला काडी लागत नाही, एक ठिणगी पुरते. त्यामुळे टाक्यांच्या आवारात मोबाईल न्यायचा नाही, नायलॉनचा शर्ट घालायचा नाही, लोखंडी पाना वापरायचा नाही. तिथे बसवायचं उपकरणसुद्धा ठिणगी न टाकणारं आहे असा दाखला असलेलं लागतं, आणि त्याची वायर चिलखत घातलेली. त्या वायरीचा भाव ऐकून हरेशचा चेहरा मुलीकडच्यांनी मोडलेल्या लग्नासारखा झाला होता.

तोवर त्याचं काम वायरीशिवाय चालत होतं, कारण त्याच्याकडे काळूराम होता. काळूराम शिडीने टाकीवर चढायचा, झाकण उघडून पितळी टेप आत सोडायचा आणि माप वरूनच ओरडून सांगायचा. पावसाळ्यात तो खालूनच ओरडायचा. टाकीकडे नुसतं बघून. ते माप आणि खरं माप यांची गाठ कधी पडायची, कधी नाही. अशी पंधरा-वीस वर्षं गेली आणि मग एका बड्या गिऱ्हाइकाने अट घातली, की माप उपकरणानेच घ्यायचं, ऑफिसातल्या पडद्यावर दिसायला हवं.

"काका, सहा टाक्या. प्रत्येकीपासून ऑफिसपर्यंत वेगळी वायर टाकायची तर कारखाना विकून वायर घ्यावी लागेल," हरेश म्हणाला.

मी हसलो. असं हसण्याची संधी निवृत्त माणसाला वारंवार मिळत नाही. मी त्याला समजावलं, की गल्लीतली सहा पोरं शाळेत जायला सहा रिक्षा करत नाहीत. टाक्यांच्या मधोमध एक पेटी बसवू. प्रत्येक टाकीची छोटी वायर पेटीत येईल आणि पेटीतून ऑफिसपर्यंत एकच जाड वायर जाईल. सगळ्या टाक्यांच्या बातम्या एकाच वाटेने.

हरेशने माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. पण वाचवण्याची चटक वाईट. मी आराखड्यात जाड वायरी दोन मांडल्या होत्या. दुसरी वेगळ्या वाटेने, पहिलीला काही झालं तर असावी म्हणून.

"पहिली चालू असताना दुसरी काय करणार?" त्याने विचारलं.

"वाट बघणार."

"मग दुकानातच वाट बघू दे."

मी त्याचा दोन वेळचा चहा घेतला होता. दुसरी वायर गेली. पेटीचा वीजपुरवठा ऑफिसातून स्वतंत्र आणायचा होता, तो जवळच्या पंपाच्या शेडमधल्या साध्या बटणावर घेतला. तीही वायर वाचली. मग एक दिवस हरेशने सहज विचारावं तसं विचारलं, "काका, वायरिंगच्या हिशेबात काळूराम धरलाय का?"

मला कळेना. काळूराम काही तांब्याचा नव्हता.

"नाही, म्हणजे पडद्यावर माप दिसणार, तर काळूराम कशाला? तो धरला तर आपली सगळी वायर त्याच्या पगारातच फुकट पडते." आणि त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दसऱ्यापर्यंत पडदा नीट चालला, तर दसऱ्यापासून काळूराम बंद.

दुसऱ्या दिवशी काळूराम मला गेटवर भेटला. त्याला माझ्याविषयी राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"काका, ह्या वयात मला दुसरीकडं टाकीवर कोन चडवनार?" तो म्हणाला. "मला दुसरं काय येतं? पानी मोजता येतं नि हे मोजता येतं. पानी मोजायला पगार कोन देत नाय."

मी म्हटलं, यंत्र आलं तरी माणूस लागतोच. अशी दोन-चार वाक्यं मी निवृत्त झाल्यापासून खिशात घेऊन फिरतो. ती दिली की समोरचा माणूस निघून जातो. तोही गेला.

पडदा सुरू झाला आणि लगेच कुरकुरायला लागला. खाडीकडून वारा आला की पेटीतली एक जोडणी हलायची. जोडणी हलली की सहाही टाक्या एकदम गप्प व्हायच्या, कारण वाट एकच. टाक्या गप्प झाल्या की भोंगा वाजायचा. तसाच वाजायला हवा, मीच तो लावला होता. समोर सिप्रियनचा शाळेची बाकं बनवायचा कारखाना आहे. तो दर वेळी हातातली पटाशी टाकून पळत यायचा आणि आग लागलेली नाही हे बघून थोडा हिरमुसून परत जायचा.

यावर खरा इलाज म्हणजे दुसरी वायर. हरेशला हवा होता भोंग्यावरचा इलाज.

"गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं काका. त्याला काय सांगू, टाकी रडतेय?"

आता दसरा जवळ आला होता. भोंगा वाजत राहिला तर पडदा नीट चालत नाही असं ठरणार, आणि काळूराम राहणार. हे मला दिसत होतं. आणि पडदा नीट चालत नाही असं ठरलं, तर माझं काय, हेही दिसत होतं. मी पडद्यासमोर बसलो आणि एक छोटासा बदल केला. टाकीकडून बातमी आली नाही तर शेवटची आलेली बातमीच दाखवत राहायची, आणि बोंब मारायची नाही. त्या दिवसापासून पडदा एखाद्या शहाण्या सुनेसारखा शांत झाला. हरेश खूश, सिप्रियनची बाकं वेळेवर व्हायला लागली, आणि काळूरामने माझ्याकडे बघणं सोडून दिलं.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. हा दिवस अण्णांचा. शेत गेलं, नांगर गेला, पण हत्यारांची पूजा त्यांनी सोडलेली नाही. त्या दिवशी पाने, हातोड्या, वजनकाटा, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. काळूरामची पितळी टेपही पाटावर होती, कुंकवाने माखलेली. गेटजवळच्या शेडमध्ये घट बसला होता आणि घटासमोर नवरात्रीचा अखंड दिवा. ज्या आवारात मोबाईल दिसला तर माणूस घरी पाठवतात, त्याच्या तोंडाशी तो दिवा आठ दिवस जळत होता. त्याबद्दल बोलण्याची कुणाची टाप नव्हती. माझीही नव्हती.

मी आवारात चक्कर मारली, तर माझ्या पेटीला झेंडूचा हार! पेटीच्या कपाळावर कुंकू. मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला कुणी हार घातला नव्हता.

अण्णांनी हार घातला होता आणि पंपाच्या शेडमधलं बटण बंद केलं होतं. त्यांच्या घरी या दिवशी बैलालाही जुंपत नसत. पेटी रात्रंदिवस राबते असं मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. त्यांनी तिला एक दिवस विसावा दिला. मला सांगायचं राहिलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

दुपारी ड्रायव्हर शत्रुघ्न मालाचा टँकर घेऊन आला. माल दुसऱ्या दिवशी यायचा होता, पण त्याला दसऱ्याला नालासोपाऱ्यात घरी राहायचं होतं. पंप आणि टँकर पाटावर मावत नसल्यामुळे पूजेतून सुटले होते. हरेशने माल उतरवायला सांगितलं. पहिली टाकी भरत आली की उरलेला माल दुसरीत वळवायचा, ही नेहमीची पद्धत. पूर्वी काळूराम वर बसून "बस्स" म्हणायचा. आता पडदा सांगणार होता.

हरेश पडद्यासमोर बसला, मी बाजूला, हातात प्रसादाची वाटी. पहिली टाकी निम्मी. पंप सुरू झाला. टाकी निम्मीच. थोडा वेळ गेला, तरी निम्मीच. हरेशने खिडकीतून डोकं काढून पंप वाढवायला सांगितलं. पंप वाढला, टाकी निम्मी. हरेशने माझ्याकडे पाहिलं.

"काका, पडदा चुकत असेल का?"

आता इथे मी काय म्हणालो ते जसंच्या तसं सांगतो. मी म्हणालो, "माणूस चुकेल. हा नाही चुकायचा."

मग राहिला माणूस एकच. हरेश खाली धावला आणि त्याने शत्रुघ्नची गचांडी धरली. माल वाटेत विकलास, टँकरमध्ये हवा भरून आणलीस, असा त्याचा आरोप. शत्रुघ्न गणपतीच्या, आईच्या आणि टँकरच्या शपथा घेत होता. काळूराम घटाच्या शेडच्या दारात उभा होता. हरेशने त्याला टेप घेऊन वर चढायला सांगितलं, तर आतून अण्णा गरजले, "टेप पूजेत हाय. उद्या सकाळपर्यंत कोन हात लावनार नाय." झालं. यंत्र झोपलेलं, टेप देवाजवळ, आणि टाकीत किती माल आहे हे अख्ख्या वालीवमध्ये कुणालाही माहीत नाही.

"नुसतं बघून सांग," हरेश ओरडला. "पावसात सांगतोस तसं."

काळूरामने टाकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "निम्मी असंल."

एवढ्यात सिप्रियन आला. या वेळी भोंगा न वाजताच. त्याचे डोळे चोळून लाल झाले होते. "हरेश, तुझी ती टाकी धुवायला काढलीस काय? वरून पानी पडतंय," तो म्हणाला.

आम्ही टाकीला वळसा घालून बघितलं. पहिल्या टाकीच्या डोक्यावरून थिनर धो धो वाहत होतं. टाकीभोवतीचा बांध भरला होता आणि त्याच्या कडेवरून एक धार, अगदी सावकाश, गेटकडे निघाली होती. दिव्याकडे.

पंप कुणी बंद केला ते मला आठवत नाही. हरेशचं ओरडणं आठवतं. "दिवा! अण्णा, दिवा विझवा!"

अण्णा दिव्यापुढे मांडी घालून बसले. दिवा अखंड होता, त्यांच्या बायकोने धरलेला नेम होता, आणि ती गेल्यावर त्यांनी एकही नवरात्र चुकवलं नव्हतं. "मला जाळ नि मग इझव," ते म्हणाले.

हरेश थिनरला घाबरत होता. काळूराम अण्णांना घाबरत होता. त्याने समई उचलली, दुसऱ्या हाताच्या ओंजळीने ज्योत झाकली आणि गेटबाहेर चालायला लागला. पळाला असता तर दिवा विझला असता. म्हणून तो हळदीकुंकवाला निघालेल्या सवाष्णीसारखा, एकेक पाऊल जपून, चालत होता. मागे अण्णा, त्यांच्या मागे हरेश, मग शत्रुघ्न, मग प्रसादाच्या वाटीसकट मी. आणि आमच्या मागे ती धार. रस्ता ओलांडून, वाऱ्याच्या उलट्या बाजूने काळूराम सिप्रियनच्या कारखान्यात शिरला. तिथे भिंतीत मारियामातेची मूर्ती होती. सिप्रियनने तिच्यासमोरच्या मेणबत्त्या बाजूला सरकवून समईला जागा करून दिली.

अग्निशमनवाले आले, सगळीकडे फेस मारून गेले. पेटलं काहीच नाही. दिवाही विझला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. हरेशने काळूरामच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, सोनं घे सोन्यासारखा राहा म्हणाला, आणि त्याचा हिशेब चुकता केला. मी मध्ये पडलो. तर म्हणाला, "काका, दिवा वाचवला ते खरंय. पण उद्या तपासणीला साहेब येतील. धोक्याच्या जागी उघडी ज्योत घेऊन फिरणारा माणूस मी कामावर ठेवलाय, असं सांगू?"

साहेब आले. माझी पेटी बघितली, दाखला बघितला, मान डोलावली. मग पडद्यातला माझा छोटासा बदल बघितला आणि चष्मा काढून मला बघितलं. त्यांनी लेखी हुकूम दिला, की प्रत्येक टाकीला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र भोंगा हवा. ते होईतोवर माल उतरवताना टाकीवर माणूस हजर हवा.

हरेशने तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग त्याचा चेहरा उजळला. "काका, 'होईतोवर'ला मुदतच लिहिलेली नाही."

काळूराम परत आला. आता ठेकेदाराचा माणूस म्हणून, पहिल्यापेक्षा कमी पगारावर, फंडाशिवाय. दिवसभर टाकीच्या माथ्यावर बसून असतो. त्याच्यापासून ऑफिसपर्यंत वायर टाकावी लागत नाही, तो ओरडतो. आणि ठिणगी टाकत नाही असा दाखला उपकरणाला लागतो, माणसाला लागत नाही.

परवा तो घरी आला. केळ्यांचा फणा ठेवून माझ्या पाया पडला. "काका, तुमी शब्द टाकला म्हनून काम ऱ्हायलं," म्हणाला.

मी त्याला खरं सांगणार होतो. पण शांता चहा घेऊन आली आणि ते राहून गेलं. केळी मात्र चांगली होती. सुकेळी करायला उन्हात वाळत ठेवली आहेत.