तेरेसाबायचं माप

पीटरने यंदा ठरवलं, की नाताळला आईला अशी भेट द्यायची जी ट्रंकेत मावणार नाही. ठरवलं ते एवढंच. पण पीटर पडला शाळेच्या ऑफिसातला क्लार्क, आणि क्लार्काने स्वतःहून काही ठरवायचं नसतं (वरून आलेलं खाली सरकवायचं असतं), हे तो विसरला.

ट्रंकेचं प्रकरण जुनं होतं. पीटरची आई तेरेसाबाय अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वसईच्या पाचूबंदरची ही बाई चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकत फिरली. आता गुडघे रुसल्यामुळे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी घेणं हाच तिचा धंदा. पीटर दर नाताळला तिला काहीतरी आणायचा. एकदा शाल आणली, एकदा मऊ सँडल, एकदा काठाचं नऊवारी. मागच्या वर्षी घड्याळ. तेरेसाबाय वस्तूवरून हात फिरवायची, "बरी हाय" म्हणायची आणि डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंकेत ठेवून द्यायची.

"त्या दिवशी घालीन," ती सांगायची.

तो दिवस कोणता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी फादर तिला न्यायला येणार होते आणि परत सोडायला कोणी येणार नव्हतं.

"अगं आये, तिथे घड्याळ कशाला?" पीटरने विचारलं होतं.

"वेळ बघायला नाय. दिसायला."

पीटरला याचं फार वाईट वाटायचं. बाप होता तेव्हा खिशात काही नव्हतं, आणि खिशात आलं तेव्हा बाप नव्हता. निदान आईने तरी आपण आणलेलं एखादं फडकं जितेपणी अंगावर घ्यावं, एवढीच त्याची इच्छा. आणि आई फिरायची ती विटक्या लुगड्यात, सेफ्टी पिन लावलेली चप्पल ओढत.

म्हणून खुर्ची. घरातली कुठलीही खुर्ची तेरेसाबायला उंच पडायची, पाय लोंबकळायचे आणि अर्ध्या तासात मुंग्या यायच्या. पीटर काळूराम सुताराकडे गेला. काळूरामच्या दुकानात एका भिंतीला देव्हारे आणि दुसऱ्या भिंतीला शवपेट्या असत, मधल्या जागेत तो बसे.

"आईचं माप आणा," काळूराम म्हणाला. "टाचेपासून गुडघ्यापर्यंत, मग पाठीची उंची, खांद्याची रुंदी. अंदाजाने केलेली खुर्ची पाहुण्यांसाठी असते."

"सरळ विचारून घे ना माप," पीटरची बायको मेलिसा म्हणाली. पण पीटरला सरप्राइज द्यायचं होतं. (लग्नाला बावीस वर्षं झाली तरी बायकोचं पहिल्या वेळी ऐकावं, हे त्याला जमलेलं नाही.)

रविवारी दुपारी तेरेसाबाय जेवून आडवी झाल्यावर तो मेलिसाची टेप घेऊन चवड्यांवर आत शिरला. गुडघा झाला, पाठ अंदाजाने झाली. खांद्याची रुंदी घेताना टेपेचं गार पत्र्याचं टोक आईच्या मानेला लागलं. तेरेसाबायने डोळे उघडले. ओरडली नाही, हलली नाही. टेपेकडे बघितलं, मग लेकाकडे.

"काळूरामला देनार काय?"

"तुला कसं कळलं?" पीटर गारच पडला.

"आनि कोनाला देशील? तुझ्या बापाची पेटी त्यानेच केली. लाकूड चांगला वापरतो." तिने मान थोडी सरळ केली. "लांबीला चार बोटं जास्त धर. माझा अंबाडा दबता कामा नये."

पीटरच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला, आणि पडला तेव्हा हातातली टेप सुटली. तोवर आईने त्याचा हात धरला होता.

"डॉक्टर काय बोलला तुला? सांग मला. मी घाबरनार नाय."

आता पीटरला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे एक भलताच आवाज निघाला. मेलिसा धावत आली. तिने सगळं समजावून सांगितलं.

"खुर्ची?" तेरेसाबाय उठून बसली. "बरं केलंस. त्या दिवशी फादरला बसायला काय द्यायचं, ही काळजीच होती."

पीटरचा तोल गेला. "सगळं त्या दिवसासाठीच का, आये? मी आणतो ते तुला आवडत नाही का?"

"आवडतं रे. पन त्या दिवशी अख्खा पाचूबंदर मला बघायला येनार. विटका लुगडा दिसला तर नाव कोनाचं जाईल? मी तर पडलेली. लोक बोलतील, पीटरने आईला काय केलं नाय."

म्हणजे इतकी वर्षं ट्रंकेत जपली जात होती ती पीटरची अब्रू.

"मग या नाताळला दाखव ना लोकांना," तो म्हणाला. "सगळं घाल."

"सगळा?"

"सगळं."

नाताळच्या सकाळी खुर्ची आली. तेरेसाबाय नवं लुगडं नेसून तिच्यात बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले. ती बराच वेळ पायांकडेच बघत राहिली. "टेकले," म्हणाली. मग सँडल चढवली, घड्याळ बांधलं, वसईच्या त्या उन्हात शाल पांघरली आणि चर्चला निघाली. डांबरगोळीचा वास तिच्या दोन पावलं पुढे चालला होता.

चर्चमध्ये माना वळल्या. मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत पीटरची छाती फुगलेली होती. बाहेर आल्यावर शेजारचा जॉन हात मिळवत कानाशी आला.

"झाली वाटतं म्हातारीची सही? घर पन बिल्डरला दिलं, का नुसती पुढची मासळी सुकवायची जागा?"

"कसली सही?"

"म्हातारीला एवढं नटवलंस, म्हनून विचारलं."

तेरेसाबायबरोबर जन्मभर बाजार केलेली प्रिस्का शाल चाचपून म्हणाली, "पीटर, बिल्डर कोन हाय?" पीटर कळवळून सांगू लागला, की हे सगळं चार वर्षांत एकेक करून आणलेलं आहे. प्रिस्काने सँडलचा तळ निरखला. "कालचं दिसतं," ती म्हणाली.

घरी येऊन पीटर खाली मान घालून बसला. तेरेसाबाय खुर्चीत टेकली.

"मेल्यावर दिसलं असतं तर लोक बोलले असते, गुनी पोर. जिती असताना दिसलं, तर चोर ठरलास." तिने सँडल काढायला पाय पुढे केले. "आता हे विसरायला लोकांना दोन वर्षं तरी लागतील. तुझ्यापायी मला तेवढं थांबावं लागनार."