मोघेसाहेबांची वाफ

मोघेसाहेब माणसाकडे आधी बघत नसत, आधी ऐकत. स्टुटगार्टला त्यांच्या विभागात मी रुजू झालो, त्या पहिल्या सकाळी त्यांच्या टेबलापर्यंत पोचायच्या आतच ते मान वर न करता म्हणाले, "डाव्या बुटाची टाच झिजलीय. नाशिकचा ना तू?" टाचेचं त्यांना आवाजावरून कळलं होतं आणि नाशिकचं माझ्या अर्जावरून. पण दोन्ही गोष्टी त्यांनी अशा एकाच थाटात सांगितल्या की मी पुढचे चार दिवस जपून चालत होतो.

आमच्या कंपनीत गिअरबॉक्स बनत, आणि त्यातली खरखर, घरघर, शिट्टी कुठून येते ते शोधणं हे साहेबांचं काम. डोळे मिटायचे, मान जरा तिरपी करायची आणि म्हणायचं, "निदान सांगू?" हे निदान सहसा चुकत नसे. घरचं वॉशिंग मशीन, शेजाऱ्याची लिफ्ट, ट्रामचं चाक, सगळ्यांचं निदान ते न विचारता करत.

आणि दिवसाला वीस सिगारेटी. पण "सिगारेट ओढायला जातो" असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. "चल, मीटिंग आहे," म्हणत. इमारतीच्या मागे, सायकली लावायच्या जागेजवळ, पत्र्याच्या छपराखाली दहा वाजता आणि तीन वाजता ही मीटिंग भरे. मीही तेव्हा ओढत असे. माझं अर्धं जर्मन मी त्या पत्र्याखाली, थंडीने नाक गळत असताना शिकलो. साहेब मात्र तिथे पिंपरीबद्दल बोलत. सेकंड शिफ्टच्या सुट्टीत कारखान्याच्या गेटबाहेर दोघांत एक चहा आणि दोघांत एक सिगारेट. "अर्धी ओढण्यात जी मजा होती ना निखिल, ती अख्खीत कधी आली नाही," असं म्हणून ते अख्खी संपवत.

सिगारेट बंद झाली ती त्यांच्या मुलीमुळे.

सई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. जन्म इथलाच. मराठी सगळं समजे, उत्तर जर्मनमध्ये. एका रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खायला गेलो होतो. सईने फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पापा, हॉर माल." म्हणजे, जरा ऐक.

फोनमधून काहीतरी घरघरलं, अडकलं, पुन्हा घरघरलं. साहेबांनी चमचा खाली ठेवला. डोळे मिटले. चेहरा खुलला.

"निदान सांगू? बेअरिंग गेलंय. वंगणाचा पत्ता नाही. कुठलं मशीन आहे हे? आजच बंद करा म्हणावं."

"दास बिस्ट दू, पापा," सई म्हणाली. हा तूच आहेस.

सकाळी बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून तिने बापाचा खोकला रेकॉर्ड केला होता. मोघेवहिनी उठून आत गेल्या. साहेबांनी तो आवाज आणखी दोनदा ऐकला. मग म्हणाले, "रेकॉर्डिंग चांगलं केलंयस," आणि पोहे तसेच टाकून उठले.

सोमवारी ते वेप, म्हणजे वाफेची बॅटरीवरची सिगारेट, घेऊन आले. म्हणजे सिगारेट एकदम सोडायची नाही. निकोटिनची वाफ ओढायची आणि निकोटिन पायरीपायरीने उतरवत शून्यावर आणायचं. बारा, सहा, तीन, शून्य. "वाफ म्हणजे काही गंगाजल नाही हं," असं सईने जर्मनमध्ये बजावलं होतं, म्हणून शून्यानंतर वाफही बंद, असं ठरलं. साहेबांनी त्याचा एक्सेल तक्ता केला. त्यात खोकला, दम न लागता चढलेले जिने आणि 'चिडचिड (वासंतीच्या मते)' असे रकाने होते. तिसरा रकाना वहिनी रोज स्वतःच्या हाताने भरत आणि साहेब त्यावर हरकत घेत.

खरी मोहीम स्वादांची होती. आंब्याचा स्वाद आणला. एक झुरका घेऊन म्हणाले, "हा आंबा नाही, आंब्याचा पासपोर्ट फोटो आहे." 'इंडियन चाय' आणला, तर त्यात नुसती दालचिनी. शेवटी त्यांनी दुकानातल्या बाईंना उकळलेला चहा, मशीनचं तेल आणि थोडी धूळ असा स्वाद मिळेल का, असं विचारलं. दोन्ही हातांवर गोंदवून घेतलेल्या त्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की धूळ सध्या शिल्लक नाही. मग साहेब स्ट्रॉबेरीवर स्थिरावले. ते बाल्कनीत वाफ सोडत आणि वरच्या मजल्यावरच्या फ्राउ बाउअर समजत की खाली जॅम शिजतोय. त्यांनी एक बाटली मागितली. वहिनींना खरं सांगायची लाज वाटली. त्यांनी तीन किलो स्ट्रॉबेरी आणून खरोखरच जॅम केला.

ऑफिसात एकदा चाचणीच्या खोलीत, कोणी नाही असं बघून, साहेबांनी एक मोठा ढग सोडला. आगीची घंटा झाली. अख्खी इमारत बाहेर, भुरभुरत्या बर्फात. सुरक्षा अधिकारी याद्या घेऊन धावतोय आणि साहेब माझ्या कानाशी, "घंटेचा सूर जरा उतरलाय, ऐकलंस?"

पण खोकला कमी झाला. स्टुटगार्टच्या टेकड्यांवरचे ते लांबलचक दगडी जिने साहेब न थांबता चढू लागले. मीही त्या रेकॉर्डिंगच्या धसक्याने सिगारेट सोडली, तीही वाफेच्या वाटेला न जाता. हळूहळू पत्र्याखाली दोघंच उरले. साहेब आणि क्राउझे.

क्राउझे वर्कशॉपमधले जुने फिटर. रिटायर व्हायला आलेले, धिप्पाड आणि अबोल. त्या फेब्रुवारीत त्यांची बायको गेली. दोन आठवड्यांनी कामावर आले ते 'या' आणि 'नाइन', म्हणजे हो आणि नाही, एवढ्यावरच दिवस काढू लागले.

सप्टेंबरमध्ये एकदा साहेबांचा वेप टेबलावर राहिला होता. मी सहज उचलला. हलका लागला. टाकी कोरडी ठणठणीत, बॅटरीही मेलेली.

"साहेब, हा रिकामा आहे."

"हो."

"कधीपासून?"

"ईस्टरपासून. शून्य झालं, मग बंद केला."

"मग रोज दोनदा खाली जाऊन काय ओढता?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं. "क्राउझे कुणाशी बोलत नाही रे. घरी कोणी नाही. हातात सिगारेट असली, समोर कोणी ओढत असलं, की बोलतो. मी रिकाम्या हाताने उभा राहिलो, तर त्याला कळेल की मी त्याच्यासाठी थांबतोय. मग यायचाच नाही."

"काय बोलतात?"

"बायको प्लमचा केक करायची, त्याबद्दल. पीठ किती पातळ, प्लम कसे उभे लावायचे. रोज तेच." मग माझ्या हातातून वेप काढून घेत म्हणाले, "त्याला सांगू नकोस हं." तीन वाजले होते.

क्राउझे ख्रिसमसला रिटायर झाले. साहेबांनी वेप टाकून दिला. पुढे मी नोकरी बदलून फ्रँकफर्टला आलो. इथे कुणी माझे बूट ऐकत नाही.

मागच्या महिन्यात एका शनिवारी साहेबांना फोन लावला, तर वहिनींनी उचलला. "अरे, ते क्राउझेंकडे गेलेत. दर शनिवारी जातात. दोघं मिळून तो प्लमचा केक करतात."

"जमला का?"

"कसला जमतोय! आज नववा. येताना माझ्यासाठी एक तुकडा आणतात, मी खाते बापडी. परवा यांना म्हटलं, अहो, क्राउझेंच्या बायकोच्या वहीत लिहिलेलं असेल की, त्यांना विचारा. तर म्हणाले, वही कधीच सापडलीय. क्राउझेने दाखवली आणि मी म्हटलं, राहू दे, आपण आठवून करू."