मुक्या पिक्चरला बोलणारे नाना

आमच्या कुंडलचे रामूनाना शिंपी पडद्यावरच्या मुक्या माणसांना बोलतं करायचे. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र नवरा-बायकोचा सगळा व्यवहार म्हशीमार्फत चाले. मी शाळामास्तर, भिंतीला भिंत लागून त्यांचा शेजारी. सकाळी सकाळी वहिनींचा आवाज कानावर यायचा, "म्हशे, डाळ संपली म्हनावं." शिवणयंत्र थांबे आणि नाना उत्तर देत, "म्हशे, सांजच्याला आनतो म्हनावं." म्हैस रवंथ करत राही. इतका समजूतदार मध्यस्थ मी पंचायतीतसुद्धा पाहिला नाही.

गोष्ट साठ सालानंतरची. सुगी आटोपली की गावाबाहेर टूरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. मधे कनात, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. मालकाचं आवाजाचं मशीन जन्माचं आजारी. ते बसलं की तो एक जुना विलायती मुका पिक्चर लावी आणि नानांना बोलावणं धाडी. नाना हातातलं कापड तिथंच टाकून, गळ्यातल्या टेपसकट तंबू गाठत. एकदा पाटलांच्या जावयाची विजार अशीच एका पायावर राहिली आणि जावईबापू लग्नाला धोतर नेसून गेले.

पिक्चर साधाच होता. भिंतीवर जाहिराती चिकटवणारा एक हडकुळा गोरा माणूस, आणि वरच्या खिडकीत टोप्या विकणारी पोरगी. तिनं नुसतं पाहिलं तरी हा शिडीवरून खाली, आणि खळीची बादली फौजदाराच्या डोक्यात. नानांनी त्यांची नावं म्हादू आणि सुंदरा ठेवली होती. कापड मोजायचा गज घेऊन ते पडद्याशेजारी उभे राहत आणि दोघांचंही बोलत, म्हादूचं खर्जात, सुंदराचं बारीक आवाजात. फौजदार तर थेट आमच्या ठाण्यातल्यासारखा खेकसायचा.

म्हादू पडला की गडीमाणसं लोळून हसत आणि नाना भडकत. "हसा गड्यांनो, पर बेतानं. त्यो पडतूय ते काय बगताय? कुनाकडं बगून पडतूय ते बगा."

मग तंबू खिडकीकडे बघू लागे. माणूस फजितीला भीत नाही तेव्हाच त्याचं प्रेम खरं, हा नानांचा सिद्धांत. मी पुस्तकं वाचणारा माणूस, पण मला तो पिक्चर नानांमुळेच कळला, हे कबूल करायला हवं.

शेवटच्या प्रसंगात सुंदरा खिडकीतून वाकून काहीतरी बोलते. काय बोलते ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून नाना दर खेळाला नवं वाक्य घालत. एका साली त्यांना काही सुचेना. घाईघाईत ते बारीक आवाजात बोलून गेले, "आवं, तुमी घरात नसला की माजी भाकरी करपती."

विलायतेत भाकरी कुठली? हे नानांच्याच घरातलं वाक्य, हे सगळा तंबू ओळखून चुकला. कनातीपलीकडे झाडून साऱ्या बायका वहिनींकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवर जी ती विचारू लागली, "काय वैनी, आज करपली का?" वहिनी अर्धी घागर घेऊन घरी आल्या आणि म्हशीला म्हणाल्या, "ह्यांच्याशी आता बोलनार न्हाई म्हनावं. घरात बोललं की ह्ये पब्लिकला सांगत्यात."

अबोला सुरू झाला तो वर्षानुवर्षं टिकला. नानांनी फलटणच्या बाजारातून लुगडं आणलं. वहिनींनी ते नेसलं आणि म्हशीला सांगितलं, "काठ बरं हाईत." त्यापुढे मजल गेली नाही.

मग एक दिवस म्हैस आटली आणि वहिनींनी ती भावाकडे पाठवून दिली. शेजारचं घर एकदम मुकं झालं. चार दिवसांनी नाना माझ्या ओट्यावर येऊन बसले. "मास्तर, तिचा आवाज कानावर न्हाई. शिव्या दिल्या तरी चालतील, पर माज्या नावानं द्याव्यात." आजवर मी या अबोल्याला हसत आलो होतो. त्या दिवशी मला वाईट वाटलं.

पुढच्या सुगीला मशीन पुन्हा बसलं. माझ्या बायकोनं वहिनींना अक्षरशः ओढून तंबूत नेलं. पडद्याशेजारून दोन्ही बाजू दिसत, त्यामुळे नानांनी त्यांना पाहिलं असणारच. म्हादू पडला, फौजदार खळीनं माखला, आणि सुंदरा खिडकीतून वाकली. तिचे ओठ हलू लागले. नानांनी गज खाली घेतला.

"नाना, बोला की," लोक ओरडले. "काय म्हनती ती?"

"ते तिचं तिला ठावं," नाना म्हणाले. "बाईच्या तोंडचं मी आता बोलनार न्हाई. मागं बोललो, त्ये चुकलं माजं."

कपडा चुकीचा बेतला तरी गिऱ्हाइकाच्या अंगाला दोष देणारा हा माणूस. लोकांचा आरडाओरडा आपोआप थांबला. तेवढ्यात कनातीपलीकडून स्वच्छ आवाज आला.

"आवं, घरी चला आता. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुमच्या."

नानांनी गज तिथंच टाकला. मग "आलो गं, आलो" म्हणत त्यांनी कनात वर केली आणि ते सरळ बायकांच्या बाजूला शिरले. आमच्या तंबूत असं कुणा पुरुषानं केलं नव्हतं, पण त्यांना कुणी अडवलं नाही.

आम्ही मागोमाग निघालो. वाटभर वहिनी बोलत होत्या, डाळीचं, भावाचं, दुखऱ्या गुडघ्याचं, वर्षानुवर्षांचं साठलेलं. आणि नाना, तो जन्माचा बोलका माणूस, एक शब्दही न बोलता ऐकत चालले होते.